गिनीपिगची ओळख: जाळीआडून की मोकळ्या जागेत?

नवा गिनीपिग दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत राहिला, खरूज, बुरशी, शिंका असं काही निघालं नाही, नर की मादी हेही नीट तपासून झालं, असं धरून चालतो. ही तपासणी विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. नर जेमतेम तीन आठवड्यांचा असतानाही मादीला गाभण करू शकतो. आता प्रश्न उरतो तो जुन्याशी गाठ घालून देण्याचा, आणि त्याच्या दोन पद्धती आहेत: मध्ये जाळी लावून काही दिवस शेजारी ठेवणं, किंवा दोघांनाही अनोळखी असलेल्या मोकळ्या जागेत थेट एकत्र सोडणं.

जाळीची पद्धत भित्र्या माणसाला पटकन पटते. वास ओळखीचा होतो, आवाज ओळखीचा होतो, मधूनमधून अंथरूण अदलाबदल करता येतं. काही वेळा तर तिला पर्यायच नसतो. नसबंदी झालेला नर त्यानंतर साधारण सहा आठवडे पिल्लं देऊ शकतो, तेवढा काळ मादीला त्याची सोबत द्यायची तर ती जाळीआडूनच. आजारातून उठलेल्या किंवा बरीच वर्षं एकट्या राहिलेल्या जनावरालाही तिचा उपयोग होतो. जाळीची भोकं मात्र पिल्लाचं डोकं शिरेल एवढी नकोत.

पण या पद्धतीतली एक गोष्ट मला फार खटकते: जाळीआडून भांडण मिटत नाही, नुसतं लांबत जातं. गिनीपिगची ओळख म्हणजे मुळात मोठा कोण हे ठरणं. त्यासाठी एकमेकांचं बूड हुंगावं लागतं, अंगावर चढावं लागतं, थोडं पळवावं लागतं आणि एकाने नमतं घ्यावं लागतं. जाळीतून यातलं काहीच होत नाही. दोन नर असले तर ते तारेपाशी उभे राहून दात कटकटवत राहतात, तार चावतात, एखाद्याचं नाक किंवा ओठ फाटतो. त्याहून फसवी अवस्था म्हणजे दोघं जाळीला टेकून शेजारी झोपू लागतात. आपल्याला वाटतं, जमलं! मग जाळी काढली की आपापल्या अर्ध्या पिंजऱ्याचे मालक झालेले ते दोघं हद्दीवरच भिडतात. जाळीपाशी दिसलेल्या दोस्तीवरून पुढचा अंदाज बांधता येतो, असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

मोकळ्या जागेच्या पद्धतीत पहिले दोन तास आपलेच हात थरथरतात, हे खरं आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी सुरुवात करा, म्हणजे पुढे पूर्ण दिवस हाताशी असतो. किमान चार फूट बाय पाच फूट जागा चारी बाजूंनी अडवा आणि धुतलेलं अंथरूण घाला. मधोमध सुक्या गवताचा मोठा ढीग टाका, भाजी सगळीकडे विखरून ठेवा आणि पाणी दोन ठिकाणी. लपायची घरं ठेवायची नाहीत, आणि ठेवलीच तर दोन्ही बाजूंनी उघडी हवीत. एकाच दाराच्या घरात कोंडीत सापडलेला गिनीपिग चावतोच. दोघांना एकाच वेळी सोडा.

मग कुल्ले डोलवत घुरघुरणं, अंगावर चढणं, पाठलाग, नाक वर करून उभं राहणं, जरासा केसांचा पुंजका उपटणं, हे सगळं चालू द्यायचं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि ते दोघांना उचलून वेगळं करतात. तसं केलं की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. मानेवरचे केस ताठ, दात जोरात कटकटतायत, दोघं समोरासमोर रोखून उभे, असं एकदम दिसलं तर मध्ये पुठ्ठा सरकवून नजर तोडा. दोघांचा एकच गोळा होऊन लोळू लागले किंवा रक्त दिसलं, तरच थांबवायचं. तेव्हाही उघडा हात घालायचा नाही, कारण चावा खोल जातो. जाड टॉवेल टाका आणि सुपडीने वेगळं करा.

तीन-चार तासांनी दोघं एकाच ढिगातून गवत खाऊ लागले, एखादा अंग पसरून लवंडला, की पिंजऱ्याकडे वळायचं. पिंजरा पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसलेला आणि आतली मांडणी बदललेली हवी. जुन्याचा वास तिथे राहिला तर सकाळची सगळी मेहनत पाण्यात. पुढचे आठ-दहा दिवस थोडी ढकलाढकली चालते. या काळात स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन रोज ठराविक वेळी करा. एकाचं सलग घटत गेलं तर दुसरा त्याला गवतापाशी येऊ देत नाही असं समजा, आणि गवताची आणखी एक जागा करा.

दोन माद्या, किंवा मादी आणि नसबंदी झालेला नर असेल, तर मी तरी थेट मोकळ्या जागेतच सोडेन. दोन तरण्या नरांच्या बाबतीत इतकं ठाम बोलवत नाही, तरी सुरुवात तिथूनच करावीशी वाटते, मात्र जागा आणखी मोठी घेऊन. रक्त निघालंच, तर जखम डॉक्टरांना दाखवा आणि त्या जोडीला पुन्हा एकत्र सोडू नका. तेव्हा मधली जाळी कामाची ठरते, कारण जमलं नाही तरी दोघांना एकमेकांचा आवाज आणि वास हवाच असतो.