‘युद्ध आणि संसद’ टिपणवही: घ्या, पण दोन ठिकाणी दुरुस्त करून

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका अभ्यासवर्गाची, स्पर्धापरीक्षेसाठीची ही मराठी टिपणवही खानापूर, निपाणीकडची मुलंही झेरॉक्स करून नेतात. परदेशांचा भाग उत्तम. ब्रिटनमध्ये 29 ऑगस्ट 2013 ला सीरियावर लष्करी कारवाईबाबतचा सरकारी ठराव संसदेत 272 विरुद्ध 285 मतांनी पडला आणि कारवाई थांबली. संसदेला विचारण्याचं कायद्याने बंधन नसताना केवळ प्रथेचं वजन किती, हे इथे नीट कळतं. अध्यक्षाच्या युद्धाधिकारावरचा अमेरिकेचा 1973 चा कायदाही नेमका दिलाय: सैन्य पाठवल्यावर 48 तासांत काँग्रेसला (तिथल्या संसदेला) कळवणं, 60 दिवसांत तिची मंजुरी, माघारीसाठी आणखी 30 दिवस.

घोळ भारताच्या प्रकरणात आहे. संघसूचीतल्या (केंद्राच्या विषयांच्या यादीतल्या) ‘युद्ध आणि शांतता’ या 15व्या नोंदीवरून ‘युद्ध संसदच पुकारते’ असं छापलंय. ती नोंद कायदे करण्याच्या अधिकाराची. सैन्य पाठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाचा. त्याला आधी संसदेची मंजुरी लागेल असं संविधानात कुठेही नाही. संसदेच्या हाती खर्चाची मंजुरी, प्रश्न आणि अविश्वास ठराव. दुसरी चूक कलम 352 ची: राष्ट्रीय आणीबाणीला संसदेच्या मंजुरीची मुदत दोन महिने नव्हे, एक महिना. 44व्या घटनादुरुस्तीने ती बदलली. या मंजुरीला साध्याहून मोठ्या, म्हणजे विशेष बहुमताची अटही तेव्हाच आली.

केपीएससीचा (कर्नाटक लोकसेवा आयोगाचा) पेपर कन्नड किंवा इंग्रजीत असतो, म्हणून समासात कन्नड संज्ञा हव्याच होत्या. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या या गावात हा विषय घराघरातला आहे. इथे असल्या चुका खपवून घेऊ नयेत. पुढच्या आवृत्तीत भारताच्या प्रकरणातलं पान 15 आधी बदला.