श्रीकांत की हिम्मत? 'द फॅमिली मॅन ३' आणि 'स्पेशल ऑप्स २' यांतलं आधी काय बघावं

एकच शनिवार-रविवार मोकळा आहे, एकाच ॲपचे पैसे भरायची तयारी आहे आणि हेरगिरीची चांगली मालिका बघायची आहे. अशा वेळी कुठली लावायची, हा प्रश्न ओळखीतल्या चार-पाच जणांनी मला विचारला. दोन्ही मालिका २०२५ मध्ये लांबलचक खंडानंतर परत आल्या. 'स्पेशल ऑप्स'चा दुसरा सीझन १८ जुलैला जिओहॉटस्टारवर आला आणि 'द फॅमिली मॅन'चा तिसरा २१ नोव्हेंबरला प्राइम व्हिडिओवर. पहिलीचा नायक हिम्मत सिंग, दुसरीचा श्रीकांत तिवारी, दोघेही गुप्तचर अधिकारी. दोन्हींचे भाग सात-सातच. त्यामुळे वेळेच्या हिशेबात फरक पडत नाही, फरक आहे तो बघून उठल्यावर मनाची काय अवस्था होते त्यात.

मी दोन्ही पूर्ण बघितल्या. 'फॅमिली मॅन' तर घरातल्या सगळ्यांसोबत, शुक्रवारी रात्री जेवणं उरकून. सातवा भाग संपला तेव्हा आईने रिमोट हातात घेतला आणि पुढचा भाग शोधायला लागली. पुढचा भाग नाहीच, हे तिला पटेना. मालिका जिथे थांबते ती जागाच तशी आहे. दोन्ही मालिकांच्या चाहत्यांच्या बोलण्यात जो सूर ऐकू येतो, त्याची सुरुवात इथूनच होते, म्हणून मीही इथूनच सुरू करते. कथेतली मोठी वळणं सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

'फॅमिली मॅन ३'बद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: शेवट केलाच नाही. तक्रार करणारे मालिकेचे विरोधक नाहीत, जुने आणि पक्के चाहते आहेत. २०१९ च्या सप्टेंबरात पहिला सीझन एका रात्रीत संपवणारे, २०२१ च्या जूनमध्ये टाळेबंदीच्या उदास दिवसांत दुसऱ्यावर तुटून पडणारे. त्यानंतर साडेचार वर्षांच्या आसपास त्यांनी वाट बघितली आणि हातात आलं ते अर्धं ताट.

यावर एक उत्तर हमखास मिळतं, की पहिला सीझनही असाच टांगून ठेवून संपला होता, तेव्हा कुणी एवढं रागावलं नाही. खरं आहे, पण दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्या सीझनमध्ये मूसा या दहशतवाद्याची गोष्ट सुरू झाली, वाढली, उलगडली आणि एका टोकाला पोचली. टांगून ठेवलं होतं ते दिल्लीवरचं संकट. म्हणजे माणसाची कथा पुरी झाली होती, घटनेची बाकी होती. दुसऱ्या सीझनमध्ये तर राजी या तमिळ बंडखोर तरुणीच्या कथेला इतका भरीव शेवट होता की ती गेल्यानंतरही दोन दिवस डोक्यातून जात नव्हती. तिसऱ्यात मात्र माणसांच्याच कथा मधोमध तोडल्यात. श्रीकांत, त्याच्यासमोर उभे ठाकलेले रुक्मा आणि मीरा, एकही जण कुठे पोचलेला नाही. चाहत्यांचा राग मला म्हणूनच रास्त वाटतो.

आता 'स्पेशल ऑप्स २'. तिथे ही तक्रार नाही. सुरू केलेली मोहीम सातव्या भागात संपते, पसारा आवरला जातो. तिथल्या चाहत्यांची खंत निराळी आहे. पहिल्या सीझनमध्ये हिम्मत सिंग एका माणसाच्या मागे वर्षानुवर्षं लागलेला होता. २००१ च्या संसदेवरच्या हल्ल्यापासून त्याला खात्री होती की पडद्यामागे आणखी एक जण आहे, आणि ती खात्री त्याच्याशिवाय कुणालाच नव्हती. त्यात भर म्हणजे दोन अधिकारी समोर बसून त्याच्या खर्चाचा हिशेब मागतायत, पावत्या विचारतायत आणि तो एकेक प्रश्नाला शांतपणे उत्तर देत आपली सगळी हकिकत सांगतोय. ही मांडणी फार लोभस होती. सरकारी कचेरीत ज्यांनी कधी टीए-डीएचं बिल भरलंय त्यांना तर ती जास्तच भिडली.

दुसऱ्या सीझनमध्ये शत्रू बदलला. आता लढाई संगणकांची, कृत्रिम बुद्धिमत्तेची, माहितीच्या चोरीची. बुडापेस्टमधून एका शास्त्रज्ञाला पळवून नेलं जातं आणि तिथून देशाच्या सगळ्या डिजिटल व्यवहारांवर टांगती तलवार येते. विषय आजचा आहे, भाजीवाल्याच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड लटकत असताना धोका कळायला वेळ लागत नाही. पण पडद्यावर सारखे पडदेच दिसतात. कीबोर्डवर बोटं, निळे-हिरवे आकडे, लाल पट्टी. पहिल्या सीझनमधला पाठलाग अंगावर यायचा, इथला डोक्याने समजून घ्यावा लागतो. गाठी फार सहज सुटतात, असंही बऱ्याच जणांचं म्हणणं आहे आणि ते मला मान्य आहे.

तरीही या सीझनमध्ये एक उपकथानक असं आहे की ज्यासाठी मी तो कुणालाही बघायला सांगेन. प्रकाश राज हिम्मतच्या निवृत्त सहकाऱ्याच्या भूमिकेत आहे. आयुष्यभराची पुंजी बँकेच्या घोटाळ्यात बुडालेली आणि घोटाळा करणारा परदेशात सुखात. तो हिम्मतकडे येतो आणि म्हणणं मांडतो की मी देशासाठी इतकी वर्षं राबलो, आता माझ्यासाठी एवढं कर. प्रकाश राजचा तिथला चेहरा बघा. मागायची सवय नसलेला माणूस मागायला आलाय, हे त्याच्या बसण्यातच दिसतं. आपल्याकडे तर हे दुःख घरोघरचं आहे. २०१३ मध्ये पुण्याच्या रुपी बँकेवर निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवानाच गेला. २०१९ मध्ये पीएमसी बँकेच्या खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढायची मुभा होती, ते दारातले रडणारे म्हातारे आपण टीव्हीवर बघितलेत. म्हणून या धाग्याला मराठी घरांतून जी दाद मिळाली ती मोहिमेच्या थरारापेक्षा जास्त मनापासूनची वाटली. माझ्या एका काकांनी तेवढेच प्रसंग पुन्हा लावून बघितले.

के के मेननबद्दल वेगळं काय सांगू. अंबरनाथ आणि पुण्यात वाढलेला हा नट आपल्याला आपलाच वाटतो. हिम्मत सिंगचा आवाज कधी चढत नाही. तो फोन कानाला लावून खिडकीपाशी उभा राहतो, समोरचा बोलत राहतो, आणि त्याच्या पापण्या एकदा मिटून उघडतात तेवढ्यात निर्णय झालेला असतो. ही मालिका त्याच्या त्या थांबण्यावर उभी आहे. दुसऱ्या सीझनबद्दल नाराज असलेलेसुद्धा त्याच्याविषयी नाराज नाहीत. हिम्मतच्या पथकातल्या जुहीच्या भूमिकेतली सैयामी खेर मूळची नाशिकची, अभिनेत्री उषा किरण यांची नात. तिला आणखी काम मिळायला हवं होतं असं मला सारखं वाटत राहिलं. ताहिर राज भसीनचा खलनायक दिसायला रुबाबदार आहे, पण त्याला असं का व्हावंसं वाटलं हे पोचत नाही.

आणि इथेच 'फॅमिली मॅन ३' बाजी मारतो. जयदीप अहलावतचा रुक्मा! यावर चाहत्यांमध्ये जवळपास एकमत आहे. नागालँडच्या डोंगरात तस्करी करणारा, पैसे घेऊन माणसं मारणारा हा इसम. त्याचा देह अवजड, हालचाल संथ, बोलणं जेमतेम. पण त्याच्या आयुष्यात एक लहान मूल येतं आणि त्या मुलाशी वागताना त्याचे हात कसे अवघडतात ते बघण्यासारखं आहे. बंदूक सराईतपणे धरणाऱ्या हातांना पोराला जवळ घेता येत नाही. समोर श्रीकांत, जो बाप म्हणून घरात सतत कमी पडतो. दोन अडखळते बाप एकमेकांच्या जिवावर उठलेत, ही या सीझनची खरी कल्पना आहे आणि ती फार ताकदीची आहे. म्हणून तर ती अर्ध्यावर सोडल्याचं दुःख जास्त.

श्रीकांत आणि त्याचा सहकारी जे. के. तळपदे यांच्या जोडीवर मात्र कुणाचीही तक्रार नाही. मनोज बाजपेयी आणि शारीब हाश्मी एकत्र आले की जीव टांगणीला लागलेल्या प्रसंगातही ते दोघं चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांसारखे कुरकुरतात. जयवंत काशिनाथ तळपदे हे पात्र मराठी आहे, आणि दरवेळी नावापुरतं मराठी ठेवून हसं करतात तसं त्याचं केलेलं नाही. तो हुशार आहे, निष्ठावान आहे, एकटा आहे. मला तो श्रीकांतपेक्षाही जवळचा वाटतो.

मग लोणावळा. ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: पहिल्या सीझनमध्ये श्रीकांतची बायको सुची आणि तिचा सहकारी अरविंद कामानिमित्त लोणावळ्याला जातात, आणि तिथे त्या रात्री काय झालं हे मालिका दाखवतच नाही. प्रियामणी आणि शरद केळकर या दोघांनी ते इतकं संयमाने केलंय की दोन्ही शक्यता खऱ्या वाटतात. २०१९ पासून चाहते हाच प्रश्न विचारतायत. आमच्या घरी द्रुतगती मार्गावरून जाताना लोणावळ्याची पाटी दिसली की गाडीतलं कुणीतरी तो विषय काढतंच आणि खंडाळ्याचा घाट संपेपर्यंत वाद चालतो. वहिनी ठामपणे सुचीच्या बाजूने, दादा श्रीकांतच्या. एका नवरा-बायकोच्या न बोललेल्या गोष्टीवर लोक सहा-सहा वर्षं वाद घालतात, यात मालिकेचं मोठं यश आहे. तिसऱ्या सीझनमध्ये त्याचं उत्तर आहे की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

हेरगिरीपेक्षा हे घर बघायला येणारे प्रेक्षक खूप आहेत आणि तिसऱ्या सीझनने त्यांना निराश केलेलं नाही, असं माझं मत आहे. श्रीकांत स्वतःच संशयित ठरतो, त्याच्यावर वॉरंट निघतं आणि तो बायको-पोरांना घेऊन पळतो. इतकी वर्षं नोकरी एकीकडे आणि घर दुसरीकडे, अशी कसरत होती. आता दोन्ही एकाच गाडीत बसलेत. मुलं मोठी झालीत, बापाकडे बघायची त्यांची नजर बदललीय.

थराराच्या बाबतीत मात्र तिसरा सीझन आपल्याच थोरल्या भावंडांसमोर फिका पडतो. पहिल्या सीझनमधला इस्पितळातला तो दहा मिनिटांहून लांब, न तोडता घेतलेला प्रसंग आठवा. कॅमेरा जिन्यावरून, खोल्यांतून, माणसांच्या मागून धावतो आणि आपण श्वास रोखून बसतो. दुसऱ्यात पोलीस ठाण्यावरचा हल्ला तसाच सलग. तिसऱ्यात त्या तोडीचा प्रसंग नाही. मधले दोन भाग रेंगाळतात. आणि चेल्लम सर हे निवृत्त हेर, ज्यांनी दुसऱ्या सीझनमध्ये जेमतेम काही मिनिटांत अख्खा देश जिंकला, तशी नवी ओळखही इथे मिळत नाही. याच मंडळींची 'फर्जी' ही मालिका बघितली असेल तर एका जागी तुम्ही खुर्चीतून उठाल, एवढं सांगते.

ईशान्येचं चित्रण हा आणखी एक मुद्दा. दुसऱ्या सीझनवर तमिळनाडूत मोठा आक्षेप घेतला गेला होता, तिथल्या सरकारने केंद्राला पत्रही लिहिलं होतं. या वेळी काळजी घेतलेली जाणवते. तिथली पात्रं आपल्या भाषेत बोलतात, पालिन कबाकसारखे तिकडचे नट महत्त्वाच्या भूमिकांत आहेत. हिंदी मालिकेत एवढा वेळ ईशान्येला क्वचितच मिळतो. स्थानिक माणसाचं रोजचं जगणं आणखी दिसायला हवं होतं, तरी सुरुवात चांगली आहे.

तर आधी काय?

याआधीचं काहीच बघितलं नसेल तर 'फॅमिली मॅन ३' थेट लावू नका. नात्यांचं सगळं ओझं मागच्या १९ भागांत आहे, ते नसेल तर सुची गप्प का आहे हेच कळणार नाही. पहिल्यापासून सुरुवात करा, सगळे मिळून २६ भाग होतात, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीचा तो कार्यक्रम. शिव्या भरपूर आहेत, शाळकरी मुलं शेजारी असतील तर विचार करा. 'स्पेशल ऑप्स'चेही आधीचे आठ आणि मधल्या '१.५' या छोट्या सीझनचे चार भाग आहेत, पण दुसरा सीझन त्यांच्याशिवाय कळतो. नुसत्या दुसऱ्या सीझनवर सुट्टी काढायची असेल तर तो घ्या. मिळेल ते पूर्ण मिळेल.

जुने चाहते असाल आणि अजून थांबला असाल, तर मी म्हणेन की श्रीकांतसाठी आणखी थोडं थांबा. चौथा सीझन हातात येईल तेव्हा तिसरा-चौथा सलग बघा, रुक्माला न्याय मिळेल. दम निघत नसेल, आणि मला माहितीय बऱ्याच जणांचा निघणार नाही, तर बघाच, पण सहाव्या भागानंतर घड्याळ बघून ठेवा आणि सातवा रात्री अकरा वाजता सुरू करू नका. आम्ही केला होता. पहाटे दोनपर्यंत स्वयंपाकघरात चहा करत सगळे बोलत बसलो होतो, आणि आई अजूनही दर शुक्रवारी विचारते, आला का गं पुढचा भाग?