ऑपरेटरचीच पेटी पक्की करावी, की तिच्यामागे आपला राऊटर लावावा?

राळेगाव, दारव्हा, हिंगणघाटकडच्या गावांत केबलवाला फायबर घरात आणतो आणि वायफायची पेटी, म्हणजे ओएनटी, स्वतःच लावून जातो. वायफायचा पासवर्ड अनेकदा घरमालकाचा मोबाइल नंबरच असतो, सेटिंगचा पासवर्ड पेटीखालच्या स्टिकरवर. इंटरनेटवरून येणाऱ्याला ही पेटी बऱ्यापैकी अडवते, पण एकदा वायफायवर आलेल्याला ती घरचाच धरते. शेजारचा फोन असो की कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा जुना डीव्हीआर, तिथून १९२.१६८.१.१ हे पेटीच्या सेटिंगचं पान उघडून डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलता येते. मग बँकेचा पत्ता बरोबर टाकला तरी भलतंच पान समोर येऊ शकतं. ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो, पण घाईत लोक तो ओलांडून पुढे जातात.

पहिला मार्ग, आहे तीच पेटी पक्की करणं. खर्च काही नाही. आधी सेटिंगचा पासवर्ड बदला, वायफायचा वेगळा ठेवा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असला तरी पेटी तो दोन तुकड्यांत तपासते आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे. यूपीएनपी ही सोयही बंद करा, नाहीतर घरातलं कोणतंही उपकरण न विचारता बाहेरचं दार उघडू शकतं. फर्मवेअर, म्हणजे पेटीतलं सॉफ्टवेअर, नवं टाकताना पेटी मिनी यूपीएसवर, म्हणजे छोट्या बॅटरीवर हवी. मध्येच लाइन गेली तर पेटी कायमची बंद पडू शकते.

अडचण अशी की पेटीचा ताबा ऑपरेटरकडेही असतो. त्याने दुरून सेटिंग पुन्हा पाठवली की तुमचे बदल पुसले जाऊ शकतात. पासवर्ड विसरलात म्हणून रिसेटचं बटण दाबलं, तर ऑपरेटरच्या लाइनला जोडण्यासाठी लागणारं पीपीपीओईचं लॉगिन नाव आणि व्हीलॅन नंबरही जातो. मग माणूस येईपर्यंत नेट बंद.

दुसरा मार्ग, मागे आपला राऊटर. साधा ड्युअल बँड राऊटर दीड-दोन हजारांपासून मिळतो. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून (जिथून नेट उपकरणांना जातं) नेटची कॅट ५ई वायर काढून राऊटरच्या वॅन पोर्टमध्ये (जिथून नेट आत येतं) लावा आणि राऊटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा, कारण दोन्हीकडे सारखा पत्ता असला की नेट अडतं. दुकान असेल तर गिऱ्हाइकांना ओएनटीचं वायफाय द्या. बिलाचा संगणक आणि घरचे फोन आतल्या राऊटरवर ठेवा. लोक हे नेमकं उलटं करतात. पण आतला माणूस बाहेरच्या पेटीपर्यंत पोचू शकतो, बाहेरचा मात्र आत येत नाही. म्हणून परक्याची जागा बाहेरच.

तरी ओएनटीचा पासवर्ड बदलावाच लागतो, कारण आतली सगळी रहदारी तिच्यातूनच जाते. ऑपरेटरने तिला ब्रिज मोडमध्ये टाकलं, म्हणजे ती नेट नुसतं पुढे ढकलू लागली, तर तिचं वायफाय बहुधा बंद होतं. मग गिऱ्हाइकांसाठी राऊटरचं गेस्ट नेटवर्क वापरा. कॅमेरा पोर्ट फॉरवर्डिंगने, म्हणजे पेटीत बाहेरून थेट वाट उघडून, पाहत असाल तर दोन पेट्यांत तो दिसेनासा होईल. क्लाउड ॲपवाल्यांना सहसा फरक पडत नाही. मिनी यूपीएस घेताना दोन्ही अडॅप्टरचे व्होल्ट बघा आणि अँपिअरची बेरीज करा. १२ व्होल्टच्या, १ आणि १.५ अँपिअरच्या पेट्यांना २ अँपिअरचा यूपीएस पुरत नाही. ९ व्होल्टच्या राऊटरला १२ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

तिसरी वाट ओपनडब्ल्यूआरटीची, म्हणजे राऊटरमध्ये टाकायच्या मोफत, खुल्या फर्मवेअरची. अपडेट वेळेवर मिळतात, पण किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत नाव असलेला राऊटर लागतो. घरात कोणी जाणता नसेल तर या वाटेला जाऊ नये.

घरात फोन आणि टीव्हीच असतील तर पहिला मार्ग पुरे, राऊटरचे पैसे मिनी यूपीएसवर घाला. सेवा केंद्र, कृषी केंद्र किंवा भाडेकरू असतील तर सरळ दुसरा घ्या. लावल्यावर आतल्या राऊटरवरच्या फोनचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, बघा. तो १९२.१६८.१ ने सुरू झाला तर वायर वॅनऐवजी लॅनमध्ये गेली आहे. मग ओएनटीच्या वायफायवरून राऊटरचा वॅन आयपी, म्हणजे ओएनटीने त्याला दिलेला पत्ता, उघडा. लॉगिनचं पान आलं तर रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरून सेटिंग उघडायची सोय, चालू राहिलीय, ती बंद करा.