वादग्रस्त नेता जातो तेव्हा विकिपीडिया किती कामाचा?

निम्मे लोक ज्याच्यावर जीव ओवाळून टाकतात आणि निम्मे ज्याच्या नावानं बोटं मोडतात, असा नेता गेला की बातमी खरी आहे का हे बघायला अनेक जण आधी विकिपीडिया उघडतात. पुढचे दोन-चार दिवस त्याच पानावर दुसऱ्या कामासाठी येणं होतं: कोण रडतंय, कोण नाचतंय आणि का? या दोन कामांसाठी या सेवेला वेगवेगळे गुण द्यावे लागतात. मृत्यूची तारीख, ठिकाण, कारण यांसाठी पाचपैकी साडेचार. लोकांच्या प्रतिक्रियांसाठी पहिल्या आठवड्यात दोन, वर्षभरानंतर चार. हे गुण इंग्रजी आवृत्तीचे आहेत, मराठीबद्दल शेवटी.

आधी बातमीची खात्री. 20 जानेवारी 2009 रोजी ओबामांच्या शपथविधीनंतरच्या भोजनात सिनेटर एडवर्ड केनेडी यांना झटका आला. थोड्याच वेळात विकिपीडियाच्या पानांवर ते आणि सिनेटर रॉबर्ट बर्ड असे दोघेही मरण पावल्याचं झळकलं. दोघेही जिवंत होते. चूक लगेच दुरुस्त झाली, पण तेवढ्या वेळात ज्यांनी पान पाहिलं त्यांच्यापर्यंत खोटी बातमी पोचली होती. म्हणून पहिल्या तासात लेखाच्या पहिल्या ओळीवर विसंबू नका. वरच्या ‘इतिहास पहा’ टॅबवर जा, मृत्यूची नोंद पहिल्यांदा कोणत्या संपादनात आली ते शोधा आणि तिला तळटीप जोडली आहे का ते पाहा. तळटीप नसलेली नोंद बहुधा कुणीतरी उलटवलेली, म्हणजे काढून पान आधीसारखं केलेली, दिसेल. दोन स्वतंत्र वृत्तसंस्थांचे दुवे लागले आणि वाक्य पंधरा-वीस मिनिटं टिकलं, तर बातमी मानायला हरकत नाही. खातं न उघडता पाहणाऱ्यांना तिथल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, दिसतात, तेवढा हिशेब करून घ्या.

पानाच्या कोपऱ्यातलं कुलूपही बरंच सांगून जातं. चंदेरी कुलूप असेल तर चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं खातं असल्याशिवाय पान बदलता येत नाही. निळं असेल तर तीस दिवस आणि पाचशे संपादनं लागतात. एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलं तर त्या माणसाला रोखलं जाऊ शकतं. इतिहासात काही नोंदींवर आडवी रेघ मारलेली दिसते, त्यांचा मजकूर उघडत नाही. काहीतरी दडपलं गेलंय, असा तर्क लगेच करू नका. अशा दिवशी त्यामागे बहुतेकदा घाणेरडी शिवीगाळ असते. व्यक्तिचरित्रांसाठीचे कडक नियम माणूस गेल्यावरही काही महिने, फार तर दोन वर्षं, लागू राहतात, त्यामुळे मृताबद्दल वाटेल ते लिहायची मोकळीक कुणालाच मिळत नाही. ही सगळी यंत्रणा चांगली चालते आणि साडेचार गुण तिचेच आहेत. जर्मन आवृत्तीत तर नव्या माणसाचं संपादन अनुभवी संपादकाच्या नजरेखालून गेल्यावरच सर्वसाधारण वाचकाला दिसतं. खोट्या मृत्युवार्तेपुरती ती पद्धत सरस आहे.

प्रतिक्रियांचा विभाग मात्र सुरुवातीला एकांगी असतो, आणि तो तसा का होतो हे समजून घेतलंच पाहिजे. राष्ट्राध्यक्ष-पंतप्रधानांचे शोकसंदेश तयार स्वरूपात, नाव-तारखेसह अधिकृत संकेतस्थळावर येतात. एक संदेश, एक तळटीप, एक ओळ. त्यामुळे देशांची यादी भराभर वाढते, बाजूला झेंडे लागतात आणि चाळीस ओळी वाचूनही हाती एकच वाक्य लागतं: ‘तीव्र दुःख झालं.’ चौकात जमलेला जमाव कुणाला पत्रक पाठवत नाही. त्याचं म्हणणं वार्ताहराच्या बातमीतून यावं लागतं, मग लेखाला जोडलेल्या, संपादकांच्या आपसातल्या चर्चेच्या पानावर (चर्चापानावर) त्याला किती जागा द्यायची यावर खल होतो. शोक अशा रीतीनं काही तासांत पानावर येतो आणि रागाला काही दिवस लागतात. यात संपादकांचा पक्षपात असतोच असं नाही, पण पहिल्या दिवशी पान वाचणाऱ्याला सगळं जग हळहळतंय असंच वाटतं.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं उदाहरण घ्या. 8 एप्रिल 2013 रोजी लंडनच्या रिट्झ हॉटेलात त्यांचं निधन झालं. त्याच संध्याकाळी ब्रिक्स्टनमध्ये आणि ग्लासगोच्या जॉर्ज स्क्वेअरमध्ये लोक आनंद साजरा करायला जमले. 10 तारखेला संसदेच्या खास बैठकीत मजूर पक्षाच्या ग्लेंडा जॅक्सन यांनी थॅचर यांच्या कारकिर्दीवर कडाडून टीका केली. चेटकीण मेल्याचं एक जुनं चित्रपटगीत विरोधकांनी मोहीम चालवून विकत घेतलं. त्याच्या 52,605 प्रती खपल्या आणि ते ब्रिटनच्या गाण्यांच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. 14 तारखेला बीबीसी रेडिओ 1 नं ते पूर्ण न वाजवता बातमीच्या ओघात फक्त पाचेक सेकंद ऐकवलं, आणि त्यावरूनही दोन तट पडले. 17 तारखेला सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी होत असताना हजारो लोक लंडनच्या रस्त्यांवर मान देण्यासाठी उभे होते; त्याच दिवशी गोल्डथॉर्प या खाणकामगारांच्या गावात त्यांचा पुतळा जाळला गेला. मृत्यू आणि अंत्यविधीवरच्या स्वतंत्र लेखात आज दोन्ही बाजू आहेत. तो अंत्यविधी ‘स्टेट फ्युनरल’ नव्हता, लष्करी मानवंदनेसह ‘सेरिमोनियल’ होता, 2002 साली राजमाता एलिझाबेथ यांचा झाला तसा, हा फरकही तिथे नीट कळतो. मराठीत दोन्हींना सरसकट ‘शासकीय इतमाम’ म्हटलं जातं आणि खर्चावरचा वाद नेमका कशावरून पेटला हे त्यात हरवतं.

तरी एक उणीव वर्षानंतरही उरते. कामगारांनी आनंद व्यक्त केला, एवढं प्रतिक्रियांच्या विभागात मिळतं. का, हे नाही. त्यासाठी पंतप्रधानपदाच्या कारकिर्दीवरचा वेगळा लेख उघडून 1984-85 चा खाणसंप आणि स्कॉटलंडमध्ये 1989, इंग्लंड-वेल्समध्ये 1990 पासून लागू झालेला पोल टॅक्स (गरीब-श्रीमंत न पाहता दरडोई बसणारा कर) हे भाग वाचावे लागतात. ही जोडणी लेखानंच करून द्यायला हवी होती. पुतळा का जळला हे न सांगता तो जळला एवढंच लिहिलं, की वाचकाला ते लोक निव्वळ दुष्ट वाटतात. हा त्या लोकांवर अन्याय आहे, आणि ज्ञानकोशाकडून तो व्हायला नको.

काळ गेला की प्रतिक्रियाच बदलते, तिथे पहिल्या आठवड्याचं पान अपुरंच पडतं. जपानचे माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या 8 जुलै 2022 ची. तेव्हा फुलं वाहायला रांगा लागल्या. मग मारेकऱ्याचा ज्याच्यावर राग होता तो युनिफिकेशन चर्च हा धर्मपंथ आणि सत्ताधारी पक्ष यांचे संबंध उजेडात येत गेले, 22 जुलैला मंत्रिमंडळानं राजकीय इतमामाच्या अंत्यविधीचा निर्णय घेतला आणि 27 सप्टेंबरला बुडोकान सभागृहात तो होईपर्यंत जनमत चाचण्यांत विरोधाचं पारडं जड झालं होतं. फिडेल कॅस्ट्रो (25 नोव्हेंबर 2016) यांच्या बाबतीत क्युबात नऊ दिवसांचा दुखवटा आणि मायामीच्या लिटल हवाना या क्युबन वस्तीत जल्लोष, हे दोन्ही लगोलग दिसलं, म्हणून ते लिहिणं तुलनेनं सोपं होतं.

पान वाचायची पद्धत अशी ठेवा. आधी चर्चापान उघडा. तिथे कोणतं वाक्य कुणी का काढलं ते कारणासह सापडतं. जुनी चर्चा आपोआप वेगळ्या पानांवर हलवली जाते, तिथे शोधचौकट असते. एखादा शब्द लेखात कधी आला किंवा गेला हे पाहायला इंग्रजी इतिहासपानाच्या वर शोधसाधनाचा दुवा आहे. कुणाला पान पाठवायचं असेल तर साधा दुवा देऊ नका, साधनपेटीतला शाश्वत दुवा द्या. नाहीतर तुम्ही वाचलं ते त्याला दिसेलच असं नाही.

मराठी आवृत्तीत खरी अडचण संपादकांच्या संख्येची आहे. काही लेखांतली माहितीचौकट विकिडाटा या सगळ्या भाषांच्या सामाईक माहितीसाठ्यावरून भरते, त्यामुळे चौकटीत मृत्यूची तारीख आलेली असते आणि पहिल्या वाक्यात नेता अजून ‘आहेत’ असतो. शब्दांचा प्रश्नही मराठीत जास्त बोचतो. इंग्रजीत ‘डाइड’ एवढंच लिहायचा संकेत आहे. मराठीत भक्त ‘महानिर्वाण’ लिहितात, विरोधक आदरार्थी बहुवचन काढून ‘मेला’ करतात, आणि क्रियापदातच बाजू घेतली जाते. अशा वेळी ‘निधन’ किंवा ‘मृत्यू’ लिहावं, बहुवचन ठेवावं आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची ओळ काढून टाकावी. असं पान दिसलं तर ‘आहेत’चं ‘होते’ करा, तारखेला बातमीची तळटीप जोडा आणि संपादनाचा सारांश लिहून जतन करा. प्रतिक्रिया त्या दिवशी लिहू नका. अंत्यविधी होऊन गेल्यावर, दोन्ही बाजूंच्या बातम्या हाताशी ठेवून लिहा.