थायलंड ग्रुप टूरचं जेवण, सेव्हन-इलेव्हन आणि माझं केळाएवढं पोट

आधीच सांगते, हा रिव्ह्यू थायलंडचा नाही, थायलंड मस्तच आहे, त्याचे फोटो तुम्ही सगळ्यांच्या स्टेटसला बघून बघून कंटाळला असाल. हा फक्त जेवणाचा आहे आणि तोही माझ्यासारख्यांसाठी, म्हंजे ज्यांचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, घरचे म्हणतायत चला आता फिरून येऊ, आणि यांच्या डोक्यात एकच, की तिकडे जाऊन खायचं काय.

माझी स्लीव्ह (वजन कमी करायच्या ऑपरेशनचाच एक प्रकार) झाली नाशिकला, निघालो तेव्हा तेरा महिने झाले होते. ११२ किलोवरून ७७ वर आले. स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण भाग काढूनच टाकतात आणि उरतं ते केळाच्या आकाराचं, डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा आमचे हे (रावेरकडे केळीची शेती) एकदम सिरीयस चेहऱ्यानं विचारतात, "डॉक्टर, केळ एक्स्पोर्टचं का लोकलचं?" डॉक्टर हसून हसून बेजार. तर त्या केळात दिवसाला कमीत कमी ६० ग्रॅम प्रोटीन बसवायचं, आधी प्रोटीन मग भाजी मग जागा उरली तर भात-पोळी, आणि उरत नाहीच. घास चावून चावून, जेवायला वीस-पंचवीस मिनिटं, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, सोडा बंद, गोड-तळलेलं बंद. घरी हे सगळं जमतं. भरीत मऊ असतं, मुगाचं वरण असतं, दही असतं, आणि तव्यावर अंडं टाकायला दोन मिनिटं (आमच्याकडे अंडं चालतं, सासूबाई असल्या की नाही चालत).

टूरवाल्यांना मी बुकिंगच्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. नाव लिहीत नाही, उगीच वाद नको. म्हटलं मला क्वांटिटी नको, मला फक्त रोज दोन वेळा डाळ, पनीर, अंडं, दही असं काहीतरी साधं पाहिजे, बिनातेलाचं. तो मुलगा म्हणे हो हो ताई, टेन्शन नका घेऊ, आपल्याकडे फुल जैन पण मिळतं. आता जैनचा आणि माझ्या पोटाचा काय संबंध? पण मी पण खूश होऊन पैसे भरून आले. तिन्ही वेळचं इंडियन जेवण इन्क्लुडेड, कमी खाणाऱ्याला काही कन्सेशन नाही. पोट लहान झालं म्हणून बिल लहान होत नाही, हे लक्षात ठेवा.

हॉटेलचा नाश्ता चांगला होता, अंडी उकडलेली मिळायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण दुपार-रात्र रोज तेच. जिरा राइस, मैद्याची नान नाहीतर पुरी, लाल तर्रीत पोहणारं पनीर, डाळ म्हणावी तर पिवळं पाणी, आणि शेवटी गुलाबजाम. नान तर माझ्या छातीत अशी अडकते की मग ना वर ना खाली, तोंडाला नुसतं पाणी सुटतं आणि मी कोपऱ्यात जाऊन उभी. मग मी काय करायची, पनीरचे चार तुकडे वाटीतल्या गरम पाण्यात धुवायची आणि खायची. अख्खं टेबल बघायचं. आमच्या ग्रुपमध्ये सावदा, फैजपूर, भुसावळची मिळून २८ माणसं, त्यातल्या एक काकू तर रोज, "काय वं माय, चिमणीसारखं काय खाते, पैसे भरले ना आपण?" खान्देशात आग्रह म्हंजे प्रेम, मला माहितीये, मी पण लग्नाकार्यात लोकांच्या ताटात जबरदस्ती बट्ट्या कुस्करून वर तूप सोडलेलं आहे. पण आता कळतं समोरच्याला काय होत असेल.

तिसऱ्या दिवशी पटायात काकूंनी स्वतःच्या हातानं गुलाबजाम माझ्या ताटात ठेवला. अर्धा खाल्ला. फक्त अर्धा! बसमध्ये बसलो आणि दहा-पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधड, पोटात पिळ, डोळ्यापुढे अंधारी. याला डंपिंग म्हणतात, साखर भसकन आतड्यात उतरते म्हणून होतं, पोटाच्या बायपासवाल्यांना (हृदयाच्या नव्हे) जास्त होतं पण स्लीव्हवाल्यांनाही होतं कधी कधी, मी त्यातलीच निघाले. गाइडनं बस थांबवली ती नेमकी सेव्हन-इलेव्हनसमोर. आणि माझी खरी ट्रिप तिथून सुरू झाली.

तर मुख्य रिव्ह्यू हा, थायलंडचं सेव्हन-इलेव्हन. तिकडे हे दुकान आपल्याकडच्या पानटपरीसारखं आहे, एका कोपऱ्यावर उभं राहिलं की दुसऱ्या कोपऱ्यावरचं दिसतं, बरीचशी चोवीस तास चालू. आत गारेगार एसी. जरा सावरल्यावर मी फ्रिजपाशी गेले तर काय, उकडलेल्या सोललेल्या अंड्यांचं पाकीट, दोन अंडी, वीस-पंचवीस बाटच्या (तिकडचा रुपया) आसपास. शेजारी ग्रीक योगर्ट. शेजारी मेजी कंपनीचं हाय प्रोटीन दूध, बाटलीवर प्रोटीनचा आकडा एवढा मोठा छापलेला की चष्म्याची गरज नाही. ती एक बाटली मला दिवसभर थोडी थोडी करून पुरायची. रूमवर फ्रिज असेल तरच घ्या पण. सोया मिल्क पण खूप प्रकारचं आहे पण बहुतेक गोड, बाटली उलटी करून साखर बघून घ्या, योगर्टचंही तेच, साधं शोधावं लागतं. आणि ते टोस्ट सँडविच, ज्याचं एवढं कौतुक चालतं, ते आपल्यासाठी बाद, ब्रेड तो ब्रेडच आणि आत बहुतेक हॅम.

तिथंच पायरीवर बसून दीड अंडं खाल्लं, वरून घरची जवसाची चटणी चिमूटभर. वीस मिनिटं लागली. एवढं शांतपणे मी त्या तीन दिवसांत पहिल्यांदा जेवले. कोणी बघत नाही, कोणी वाढत नाही.

अजून एक फायदा, दुकानात कपातल्या नूडल्ससाठी गरम पाण्याचं मशीन असतं. मी घरून डाळ्यांचं पीठ नेलं होतं, डाळ्या मिक्सरला काढून त्यात जिरं-मीठ-सुंठ. एखादी वस्तू घ्यायची, मशीन दाखवून हातानंच विचारायचं, त्या पोरी हसून हो म्हणायच्या. दोन चमचे पीठ कपात, वर गरम पाणी, झालं सूप.

आता आमच्या ह्यांचा किस्सा. काउंटरजवळ एकेक केळ सुटं सुटं प्लास्टिकच्या पिशवीत पॅक करून ठेवलेलं असतं, दहा-बारा बाटला एक. ह्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि तिथंच मोबाइलवर क्विंटलचा हिशोब. "एका केळाचे एवढे? आपल्याकडे व्यापारी घडाला नाकं मुरडतो!" बाहेर येऊन अर्धा तास तेच. रात्री झोपेत पण क्विंटल क्विंटल म्हणत असतील.

बँकॉकला दोन चांगल्या गोष्टी सापडल्या. एक म्हंजे पिवळे झेंडे. गाडीवर किंवा छोट्या हॉटेलवर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरात इंग्रजी १७ सारखं काहीतरी दिसलं की डोळे झाकून जा. ते १७ नाही, ते थाई अक्षरात 'जे' लिहिलेलं असतं, म्हंजे मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, कांदा-लसूण पण नाही. बाकी ठिकाणी नुसतं व्हेज म्हणून भागत नाही, कारण नाम प्ला म्हणून माशाचं पाणी असतं ते भाजीतसुद्धा घालतात. त्या १७ वाल्या गाडीवर मऊ तोफूचं (सोयाबीनचं पनीर) पांढरं सूप मिळालं, कोबी, गाजर, आणि तोफू इतका मऊ की घट्ट विरजलेलं दही जसं. अर्धा बाऊल संपवला, माझ्यासाठी तो विक्रम आहे. गोड नको असेल तर "माइ वान" म्हणायचं, चहा-कॉफी सगळीकडे कामाला येतं.

दुसरी, पाहुरात. कापडाचा बाजार आहे, आमच्या बायकांना साड्यांचं कापड बघायचं होतं, तिथं मोठा सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे. सकाळी लंगरला बसलो. घट्ट डाळ. खरी घट्ट, चमचा उभा राहील अशी! मी म्हटलं थोडीच, तर त्या सरदारजींनी थोडीच वाढली, एकदाही "और लो" नाही. टूरच्या सहा दिवसांच्या इन्क्लुडेड जेवणापेक्षा ती फुकटची अर्धी वाटी भारी.

गोळ्यांचं एक सांगायचं राहिलं. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, तर माझे कॅल्शियमचे आणि आयर्नचे अलार्म पहिल्या दिवशी सगळे गडबडले, त्या दोघात दोन तासांचं अंतर लागतं. विमानात बसायच्या आधीच वहीत लिहून घ्या. आणि पाणी दिवसभर घोट घोट, तिकडे घाम आपल्या मे महिन्यासारखाच येतो फक्त चिकट, एकदम अर्धी बाटली पिऊ म्हटलं तरी आपल्याला ते जमत नाही. शहाळं चालतं थोडं थोडं.

स्टार द्यायचे तर टूरच्या जेवणाला ५ पैकी दीड, तो पण नाश्त्यामुळे. सेव्हन-इलेव्हनला साडेचार, अर्धा त्या प्लास्टिकच्या केळासाठी कापला, ह्यांच्या आग्रहाखातर.

शेवटच्या रात्री साडेदहाला दारावर टकटक. बघते तर त्याच काकू, पोट बिघडलेलं, चेहरा उतरलेला, हळूच म्हणतात, "तुझी ती डाळ्यायची पूड हाय का वं थोडी?" दोन चमचे कालवून दिलं, वर म्हटलं काकू आता अर्धा तास पाणी प्यायचं नाही. तर म्हणे, "मले काय झालंय, माझं पोट अख्खं हाये!" आणि तिथंच बाटली तोंडाला लावली.