लॅव्हेंडरवाल्या कॅट लिटरबद्दल थोडं

मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये घालायची वाळू, पाच किलोची पिशवी, पाचपैकी दोन तारे. त्यातला दुसरा तारा फक्त ओल्या वाळूचे गोळे घट्ट होतात म्हणून.

आमचं घर वन बीएचके, ट्रे बाथरूमच्या दाराशी. पाहुणे यायचे म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून ही सुगंधी वाळू मागवली. पिशवी कापली तर पार्लरमध्ये शिरल्यासारखं वाटलं. मी खूश! आमच्या तांबूने, म्हणजे तांबड्या बोक्याने, एक पाय ट्रेमध्ये ठेवला, मान खाली घातली, नाक आक्रसलं आणि पाय झटकत मागे सरकला, चुकून पाण्यात पडल्यावर झटकतो तसा. रात्री इस्त्रीच्या कपड्यांवर कार्यक्रम उरकला. ह्यांचा पांढरा शर्ट सगळ्यात वर होता.

तिसऱ्या दिवशी शिंका सुरू. सासूबाई बामची डबी घेऊन हजर, "नाकाला बोटभर लाव गं, मोकळं होईल." नशीब, आधी डॉक्टरांना फोन केला. ते जवळजवळ ओरडलेच. बाममधला कापूर आणि निलगिरीचं तेल मांजराच्या लिव्हरला झेपत नाही, आणि नाकाला लावलेलं ते चाटणारच. मग विचारलं, जेवतोय का? मांजराची भूक वासावर चालते म्हणे. नाक चोंदलं की ते ताटलीकडे बघतही नाही, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरवर चरबी चढते. आमचा तर सासूबाईंच्या वाटचा बांगडाही खात होता. डोळे स्वच्छ, नाकातून पिवळं-हिरवं काही नाही, ट्रायकॅटची (मांजरांच्या सर्दीसारख्या आजारांवरची) लस झालेली. म्हणजे दोष वाळूचा. वास घेणाऱ्या पेशी आपल्याकडे पन्नासेक लाख, मांजराकडे 20 कोटींच्या आसपास. आपला मंद सुगंध त्याला कसा वाटत असेल, बघा. वर ही वाळू ओतताना धूळही भरपूर उडते. मलाही दोन शिंका आल्या होत्या.

(नाकावरचे काळे ठिपके या वाळूमुळे नाहीत. तांबड्या मांजरांना वयाबरोबर ते बऱ्याचदा येतात, हेही विचारून घेतलं, कारण सासूबाईंचा संशय तिथवर पोचला होता.)

बिनवासाची आणली, दोन दिवसांत शिंका थांबल्या, स्वारी ट्रेमध्ये परत. उरलेली पिशवी पार्किंगमध्ये सांडलेल्या स्कूटरच्या ऑइलवर ओतली. ऑइल मस्त शोषलं. फक्त तिथे झोपणारी सोसायटीची मांजरं आता बी विंगमध्ये राहायला गेलीत.