हार्वेस्टरवरचे सहा किलोचे एबीसी अग्निशामक : हंगामभर वापरल्यानंतरचे मत

कंबाइन हार्वेस्टरवर बसवण्यासाठी घेतलेले हे अग्निशामक एबीसी, म्हणजे अनेक प्रकारच्या आगींवर चालणाऱ्या, कोरड्या रासायनिक पावडरचे असून, आतला दाब नायट्रोजनचा आहे. भर काढणीत टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनाचा गरम धूर ज्यांतून जातो ते भाग) ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापतात, आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास तापमानाला कोरडा भुसा धुमसू लागतो. त्यात हायड्रॉलिकच्या होजमधून पाझरलेले तेल आले की काडीचीही गरज उरत नाही. भुसा, तेल आणि वायरिंग या तिन्ही आगींवर एकच सिलिंडर चालतो, हे याचे मोठेपण.

ज्वाळा मारण्यात ते खरोखर चोख आहे. इंजिनाच्या बाजूला तेलकट भुशाने पेट घेतला तेव्हा इंजिन बंद करून, झाकण सताड न उघडता, फटीतून बुडाशी पावडर मारली आणि जाळ काही क्षणांत बसला. मात्र रेडिएटरखाली दाबून बसलेला भुसा आतून धुमसतच राहिला आणि थोड्या वेळाने पुन्हा धूर येऊ लागला. पावडर ज्वाळा तोडते, पण गारवा देत नाही. अखेर तो भुसा ओढून काढून पाण्याने भिजवावा लागला. म्हणून केबिनजवळ हे आणि खाली जमिनीवरून हाताला येईल असे नऊ लिटरचे पाण्याचे, अशी जोडीच ठेवावी. फक्त तेलाच्या किंवा चालू वायरिंगच्या आगीवर पाणी मारू नये.

खरी तक्रार ब्रॅकेटबद्दल आहे. सोबत येणारी पत्र्याची पट्टी घराच्या भिंतीला शोभेल, मशीनच्या हादऱ्यांपुढे तिचा टिकाव लागत नाही. वाहनांसाठीचे क्लॅम्पचे ब्रॅकेट वेगळे घ्यावे लागले. याच हादऱ्यांनी पावडरही तळाशी घट्ट बसते. अधूनमधून सिलिंडर उलटा धरून बूड थोपटले की आतला गोळा सरकल्याचे हाताला स्पष्ट जाणवते. काटा हिरव्या पट्ट्यात आहे म्हणून निर्धास्त राहणे चूक, कारण तो फक्त दाब सांगतो, पावडर मोकळी आहे की नाही हे सांगत नाही.

वापर अर्धवट झाला तरी रिफिल करून घ्यावेच लागते, कारण झडपेत पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो. आग विझल्यावर पडलेली पावडरही लगेच साफ करावी. ओलावा लागला की ती धातू खाते. सगळी फवारणी जेमतेम पंधरा-वीस सेकंदांची असते, त्यामुळे रोज ब्लोअरने भुसा उडवणे आणि तापणारे बेअरिंग वेळीच बदलणे यांची जागा हे उपकरण घेऊ शकत नाही, आणि पहिल्या सिलिंडरने जाळ आवरला नाही तर मशीन सोडून लांब होणेच योग्य. ब्रॅकेटपायी एक गुण कापून मी त्याला पाचपैकी चार देईन.